अकरा सेकंदांचा परवाना

परिशिष्टरावांना या सगळ्यातून मिळणार होतं काय, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. नंतर कोणी म्हणायला नको की माणूस हावरट होता. मिळणार होती अकरा सेकंदं. एका जुन्या बालगीताच्या तिसऱ्या कडव्यातली एक ओळ, त्यांच्या आक्काने बाराव्या वर्षी म्हटलेली. आणि ती ओळ सत्तराव्या वर्षी ऐकताना आक्काच्या चेहऱ्यावर जे काही उमटेल, त्याची समजा आणखी चार सेकंदं. जमेच्या बाजूला याहून दुसरं काही नव्हतं. नावे बाजूला अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची एक फुटलेली रेकॉर्ड होती.

परिशिष्टराव हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. विमा कचेरीत चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. या काळात त्यांच्या हातून एकही कागद परिशिष्टाशिवाय बाहेर पडला नाही. स्वतःच्या लग्नाच्या रजेच्या अर्जालासुद्धा त्यांनी परिशिष्ट 'ब' म्हणून मुलीच्या वडिलांचं संमतीपत्र जोडलं होतं. त्यानंतर कचेरीने त्यांचं नाव बदललं, आणि ते इतकं चपखल बसलं की निवृत्तीनंतर त्यांच्यामागोमाग घरच्या इमारतीतही राहायला आलं. बायको मात्र त्यांना 'अहो' म्हणे, आणि आक्का 'बाळ्या'. चौसष्टाव्या वर्षी आपल्याला बाळ्या म्हणणारं माणूस जगात शिल्लक आहे, ही काही लहान मिळकत नाही.

तर ती रेकॉर्ड. आक्का बारा वर्षांची असताना एक मोठी संगीत कंपनी मुलांच्या गाण्यांची रेकॉर्ड काढत होती. छत्री आणि वारा यांच्या भांडणाचं गाणं होतं. शाळेतल्या आठ मुली कोरसला निवडल्या, आणि तिसऱ्या कडव्यात छत्री एकटीच तक्रार करते ती ओळ आक्काला मिळाली. हे आक्काने घरी सांगितलं, घराने गल्लीत सांगितलं. शुक्रवारी रेकॉर्ड घरी आली. घरात ग्रामोफोन नव्हता. तो होता कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांकडे, आणि ते तो फक्त रविवारी सकाळी उघडत. रविवारी सकाळी दहाला अर्धी गल्ली त्यांच्या ओसरीवर जमणार असं ठरलं. शनिवारी संध्याकाळी सहा वर्षांचा बाळ्या पाढे म्हणायला म्हणून नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि खालून कट् असा आवाज आला. धूळ लागू नये म्हणून रेकॉर्ड खुर्चीवरच्या उशीखाली ठेवली होती म्हणे.

आक्का रडली नाही. तिने तुकडे गोळा केले, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे रे. तू काही मुद्दाम केलेलं नाहीस."

तिने एक रपाटा दिला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण ही क्षमा बाळ्याच्या मानगुटीवर बसली ती उतरलीच नाही. पुढच्या वाढदिवसाला त्याने तिला आपल्या सगळ्या गोट्या दिल्या. मग दर वर्षी काही ना काही. पेन्सिली, रिबिनी, कमवायला लागल्यावर छत्री, भिंतीवरचं घड्याळ, थर्मास, लोकरीचा स्कार्फ, आणि गेल्या वर्षी रक्तदाब मोजायचं यंत्र. सत्तावन्न वर्षांत एकदाही खाडा नाही. आक्का दर वेळी म्हणे, "कशाला रे बाळ्या?" आणि घेई.

चार वर्षांपूर्वी परिशिष्टरावांना कॉम्प्युटरवर ते गाणं सापडलं. कंपनीने जुनी बालगीतं नव्याने विकायला काढली होती. सुटं गाणं मिळत नव्हतं, सत्तावीस गाण्यांचा गठ्ठाच घ्यावा लागे. त्यांनी घेतला. गाण्यांना कुलूप होतं, म्हणजे नक्कल करता येत नसे, आणि कंपनीने ओळखलेल्या यंत्रावरच गाणं वाजे. अशी तीन यंत्रं नोंदवायची मुभा होती. या सगळ्याच्या अटी एकेचाळीस पानांच्या होत्या, आणि त्या संपूर्ण वाचणारं जगातलं बहुधा एकमेव गिऱ्हाईक म्हणजे परिशिष्टराव. त्यांनी अटी छापून घेतल्या, लाल पेन्सिलीने अधोरेखित केल्या, दोन दिवस विचार केला, चष्मा पुसला, आणि मग मनापासून 'मान्य आहे' वर बोट ठेवलं. पहिलं यंत्र म्हणून घरचा कॉम्प्युटर नोंदवला. दुसरा कचेरीतल्या आपल्या टेबलावरचा, निवृत्तीला तेव्हा अजून काही महिने होते. तिसरा, असावा सुरक्षित म्हणून, इमारतीच्या वाचनालयातला.

तिसऱ्या कडव्यातल्या त्या ओळीशी त्यांनी गाणं थांबवलं. बायकोला हाक मारून त्यांनी ती सहा वेळा ऐकवली.

"ऐक, इथे किंचित दम लागल्यासारखं होतं बघ. ही आक्का. अजूनही जिने चढताना अशीच करते."

"सगळ्याच मुली अशा करतात," बायको म्हणाली. पण अभिलेखांत चौतीस वर्षं घालवलेल्या माणसाला पुरावा ओळखायला शिकवू नये.

शहाण्या माणसाने त्याच दिवशी आक्काला फोन लावला असता. परिशिष्टरावांनी गाणं मुदत ठेवीसारखं ठेवून दिलं. आक्काच्या सत्तराव्या वाढदिवसाला ते वाजवायचं, तोवर चकार शब्द काढायचा नाही. चार वर्षं त्यांनी हे गुपित पोटात ठेवलं. त्यांच्या पोटात इतके दिवस काही कधी राहिलं नव्हतं.

याच चार वर्षांत दुसरं एक प्रकरण वाढत होतं, आणि ते त्यांनीच वाढवलं होतं. इमारतीत एक श्रोता मंडळ आहे. तेवीस सभासद महिन्याच्या पहिल्या रविवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जमून जुनी गाणी ऐकतात आणि नव्या गाण्यांबद्दल वाईट बोलतात. गाण्यांची कुलपं काढून टाकणारी एक करामत कोणीतरी तयार करून वाटायला लागलं होतं, आणि त्या माणसाला कोर्टात खेचावं की नाही यावर वर्तमानपत्रांत जोरात वाद चालला होता. परिशिष्टरावांनी मंडळात ठराव आणला. अशी साधनं बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि वापरणाऱ्यावर कारवाई व्हावी, मंडळाने तसं पत्र कंपनीला पाठवावं, आणि ज्या सभासदाकडे असं साधन सापडेल त्याचं नाव पटावरून कमी करावं. सोबत सात परिशिष्टं. 'अ' ते 'ग'.

विरोधात फक्त वकील बोलले. हे तळमजल्यावर राहणारे निवृत्त वकील. समोरच्याची बाजू स्वतःच्या बाजूपेक्षा चांगली मांडायची त्यांना सवय होती, आणि त्यामुळे उमेदीच्या काळात ते बरेच दावे हरले होते. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अंतिम मतदान पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरलं. म्हणजे आक्काच्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी.

मतदानाला आठ दिवस उरले असताना घरच्या कॉम्प्युटरने तीनदा 'टूं' केलं आणि डोळे मिटले.

कोपऱ्यावर एक दुरुस्तीवाला होता. पूर्वी रेडिओ दुरुस्त करी, मग टीव्ही, मग टेप, आता जे येईल ते. दुकान तेच, कथील वितळल्याचा वासही तोच. फक्त टेबलावरचे मुडदे बदलत गेले. त्याने कॉम्प्युटर उघडला, आत फुंकर मारली, आणि मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, जळाली म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवी पाटी बसवून यंत्र घरी आलं. पडदा उजळला. फोटो होते, पत्रं होती, एकेचाळीस पानी अटीही होत्या. परिशिष्टरावांनी गाण्यावर बोट ठेवलं. पडद्यावर आलं: 'हे यंत्र ओळखता आले नाही. शिल्लक परवाने: शून्य.'

डबा तोच, पडदा तोच, टेबलाचा डगमगता पायही तोच. पण गाण्याने ओळख दाखवली नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कचेरीत गेले होते तेव्हा दारावरच्या शिपायाने "कोण पाहिजे?" विचारलं होतं. हे अगदी तसंच झालं.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, पाच परिशिष्टं जोडून. उत्तर दीड मिनिटात आलं, त्यात त्यांच्या पत्राबद्दल आनंद व्यक्त केला होता. मग फोन. बत्तीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई बोलल्या. आवाज गोड होता, आणि तेच जास्त वाईट.

"सर, गाणं तुमच्या खात्यात दिसतंय."

"मग वाजत का नाही?"

"कारण तुमची तीन यंत्रं वापरून झालीत. हे चौथं."

"हे पहिलंच आहे हो. फक्त आतली पाटी बदललीय."

"पाटी बदलली की ते नवीन धरतात, सर."

"माझा गुडघा बदललाय दोन वर्षांपूर्वी. मला कोणी नवीन धरलं नाही."

बाई जराशा हसल्या. हसणं कंपनीच्या खर्चाने होतं. "जुन्या तीनपैकी एका यंत्रावर जाऊन 'मुक्त करा' दाबलंत तर एक परवाना सुटेल."

"आणि नवीन गठ्ठाच विकत घेतला तर?"

"तो संग्रह आम्ही मागे घेतलाय. आणखी काही मदत करू शकते का?"

आतापर्यंत कोणती केली, हे परिशिष्टरावांना विचारायचं होतं. पण अटींच्या पान तेहेतीसवर प्रतिनिधींशी सभ्यतेने वागण्याचं कलम होतं, आणि त्यावर त्यांची संमती होती.

वाचनालयातला कॉम्प्युटर गेल्या वर्षी एका शाळेला दान दिला होता. परिशिष्टराव शाळेत गेले. विज्ञानाच्या बाईंनी मोठ्या कौतुकाने त्यांना प्रयोगशाळेच्या भिंतीपाशी नेलं. तिथे एका फळीवर कॉम्प्युटर सुटा सुटा करून चिकटवला होता, आणि प्रत्येक भागाखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती. 'हा मेंदू.' 'ही स्मरणशक्ती.' परिशिष्टराव त्या स्मरणशक्तीपुढे थोडा वेळ उभे राहिले. त्यांच्या अकरा सेकंदांचा तिसरा हिस्सा त्यात कुठेतरी चिकटवलेला होता.

राहिली कचेरी. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला.

"कॉम्प्युटर आहे, सर. भंगारखोलीत. पण तो पटावरून उतरवलाय, म्हणजे चालू करायला नमुना सात लागेल."

"भरतो की. नमुना सात मीच काढला होता."

"हो ना. त्यावर ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याची सही लागते."

"म्हणजे माझीच. आणा."

बाईंनी नमुना सात पुढे ठेवला आणि खालच्या बारीक अक्षरांवर अदबीने पेन टेकवलं. 'टीप तीन: निवृत्त कर्मचाऱ्याची सही ग्राह्य धरू नये.'

"ही टीपसुद्धा तुमचीच, सर. तुम्ही म्हणाला होता, टिपेशिवाय नमुना म्हणजे दाराशिवाय खोली."

परिशिष्टरावांनी टीप दोनदा वाचली. भाषा निर्दोष होती. एखादी फट सापडते का पाहिलं, पण ते त्यांचं काम होतं, फट कुठून असणार. इतक्या वर्षांत त्या टिपेने किती माणसांना चहा पिऊन परत पाठवलं असेल याचा त्यांनी पहिल्यांदाच विचार केला, आणि चहा अर्धा ठेवून उठले.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यात अडवून सांगितलं, "काका, वरवर उपाय करत बसू नका. मुळापासून काढून टाका." हा सल्ला त्या सगळ्यांनाच देत. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी सुचवलं की कंपनीच्या दारात उपोषणाला बसावं. ते स्वतः बसले असते, पण त्यांना औषधं जेवणानंतरची होती. बायको म्हणाली, "आक्कांना सरळ सांगून टाका. एक स्वेटर आणा आणि मोकळे व्हा."

"स्वेटर झालाय. एकोणचाळिसाव्या वर्षी."

शेवटी ते दुरुस्तीवाल्याकडे गेले, निदान त्याला चार शब्द सुनवावेत म्हणून. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खणातून बोटाएवढा पेनड्राइव्ह काढून काचेवर ठेवला.

"हे काय?"

"यात ते आहे, कुलूप काढायचं. लावायचं, दाबायचं, झालं."

परिशिष्टरावांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. "तुला कल्पना आहे का, मी याविरुद्ध ठराव आणलाय?"

"आहे ना. तुमच्या मंडळातले सहा जण माझ्याकडून घेऊन गेलेत. नावं विचारू नका साहेब, रविवारी तुम्हाला त्यांचीच मतं लागायचीत."

पाच मिनिटं ते तिथे उभे राहिले. मग, केवळ अभ्यासासाठी, त्यांनी ती वस्तू ताब्यात घेतली. घरी येऊन ती लिफाफ्यात घातली, लिफाफा चिकटवला, त्यावर 'पुरावा क्र. १' असं लिहिलं, आणि तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. पुरावा बाळगणं आणि साधन बाळगणं यांत फरक आहे, हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. बायको म्हणाली, "हो का," आणि मळलेले कपडे मोजायला लागली.

रविवारी हॉल भरला. परिशिष्टराव उभे राहिले. त्यांना वाटत होतं की लिफाफा कोटातून बाहेर दिसतोय, म्हणून ते डावा हात छातीवर ठेवून बोलत होते. सभासदांना वाटलं, माणूस फारच कळवळलाय.

"साधन निर्दोष असतं, सुरी करणाऱ्याला कोणी धरत नाही, हा दाखला कृपया कोणी देऊ नये. तो परिशिष्ट 'क' मध्ये खोडून काढलेला आहे," त्यांनी सुरुवात केली.

"मी सुरी घरीच ठेवून आलोय," वकील मागून म्हणाले.

मग परिशिष्टराव बोलले, आणि चांगलं बोलले, हे वकिलांनीही नंतर मान्य केलं. कुलूप कोणासाठी असतं, असं त्यांनी विचारलं. कंपनीसाठी? कंपनी आपली पोटाची सोय कशीही करील. कुलूप असतं ज्याच्या गळ्यातून सूर निघाला त्याच्यासाठी. "एक बारा वर्षांची मुलगी घ्या. परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर उभी राहते. गळा कोरडा पडलाय. तरी एक ओळ म्हणते. अकरा सेकंदं. उद्या कोणीही ती फुकट पळवावी? तिच्या त्या सकाळीला काही किंमत नाही?" इथे त्यांचा आवाज हलला. एकदोघांनी चष्मे काढले.

वकील उठले. "मला एकच शंका आहे. समजा एक माणूस आहे. त्याने गाणं रोख पैसे देऊन घेतलंय, अटी वाचून. त्याचं यंत्र बिघडलं. कंपनी त्याला ओळखत नाही. त्याने काय करावं?"

"कंपनीला लिहावं."

"लिहिलं."

"फोन करावा."

"केला. बत्तीस मिनिटं बासरी ऐकली."

"तुम्हाला कसं कळलं, बत्तीस मिनिटं?"

"खिडकी उघडी होती, परिशिष्टराव. तुमचा गुडघासुद्धा आम्हाला तळमजल्यावर ऐकू आला."

हशा झाला. हशा ओसरेपर्यंत वकील थांबले. मग त्यांनी जे विचारलं ते हळू विचारलं, कोर्टात विचारत तसं नव्हे.

"आणि ज्या मुलीसाठी कुलूप आहे म्हणता, तिलाच ते गाणं ऐकायचं असेल तर?"

परिशिष्टरावांनी 'अ' ते 'ग' चाळून पाहिलं, या प्रश्नाला त्यांत परिशिष्ट नव्हतं. सव्वाशे ठरावांच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदा झालं. ते पाणी प्यायले, डावा हात छातीवर तसाच ठेवला, आणि म्हणाले, "मी मूळ ठरावाला एक परिशिष्ट जोडू इच्छितो. 'ह'. ज्याने गाणं रीतसर विकत घेतलं आहे आणि ज्याचं यंत्र त्याच्या चुकीशिवाय निकामी झालं आहे, त्याला वगळावं."

एकदा वगळायला सुरुवात झाली की माणसं मोकळी होतात. कोणी म्हणालं, ज्याची दृष्टी अधू आहे त्यालाही वगळा. कोणी म्हणालं, ज्याचं गाणं आता बाजारात मिळतच नाही त्यालाही. डॉक्टरीणबाईंना दवाखान्यातल्या पेशंटांसाठी सवलत हवी होती. मंडळाच्या चिटणीसांनी अडखळत विचारलं की ज्यांनी साधन पूर्वीच घेऊन ठेवलंय पण अजून वापरलेलं नाही अशांचं काय, आणि सहा माणसं एकदम छताकडे बघायला लागली. पाऊण तासाने परिशिष्ट 'ह' मूळ ठरावापेक्षा मोठं झालं. हॉलमध्ये हजर असलेले सोडून जगातल्या इतर सर्वांवर कारवाई व्हावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. वकिलांनीही बाजूने मत दिलं. आयुष्यात आपण जिंकतोय की हरतोय हे न कळता दिलेलं हे पहिलंच मत, असं ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी आठला लिफाफा फोडला. ते काम बायकोने केलं. परिशिष्टराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते.

"तुम्ही बघा तरी, काय काय विचारतंय हे. बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय खाली."

"मी बघणार नाही. मी एकेचाळीस पानांवर मान्य म्हटलंय."

"मी काही कशावर म्हटलेलं नाही," बायको म्हणाली आणि दाबलं. दोन वेळा दाबलं, तिसऱ्यांदा यंत्राने विचारलं तेव्हा 'हो बाबा' म्हणून दाबलं. गाणं मोकळं झालं. खात्रीसाठी परिशिष्टरावांनी फक्त तिसरं कडवं वाजवून पाहिलं. अकरा सेकंदं होती. बाकीचं गाणं त्यांनी आक्कासाठी राखून ठेवलं.

आक्का अकराला आली. काठी टेकत, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत आणि त्या वळणाबद्दल मत देत. वकील आणि दुरुस्तीवाला आधीच येऊन बसले होते. वकील पुरावा पाहायला, दुरुस्तीवाला आपली पाटी पाहायला. आक्काला हाताची खुर्ची दिली. तिने बसण्याआधी सवयीने उशी उचलून खाली पाहिलं आणि मग बसली.

"डोळे मीट," परिशिष्टराव म्हणाले.

"मिटले तर झोप लागेल रे. तू कर काय करायचं ते."

त्यांनी गाणं लावलं. आधी खरखर, मग पेटी, मग आठ मुली एकदम. आक्काचे हात मांडीवर थबकले. बायको दाराशी ओले हात घेऊन उभी राहिली. छत्री आणि वारा यांचं भांडण दोन कडवी चाललं. तिसऱ्यात सगळ्या थांबल्या आणि ती एकटी ओळ आली. परिशिष्टराव आक्काच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. अकरा सेकंदं. तिच्या चेहऱ्यावर गर्दीत कोणाला तरी शोधत असल्यासारखं काहीतरी होतं, बाकी काही नाही. ओळ संपली. शेवटचं कडवं आलं, आठही मुलींनी मिळून शेवटचा लांब सूर धरला, आणि तो ऐन भरात असताना गाणं तुटलं.

पडद्यावर अक्षरं आली. 'ही नमुना आवृत्ती आहे. शेवटची तीन सेकंदे मोकळी करण्यासाठी पूर्ण आवृत्ती घ्या.'

आयुष्यात एकदाच परिशिष्टरावांनी अटी वाचल्या नव्हत्या. ते दुरुस्तीवाल्याकडे वळणार, एवढ्यात खोलीत तो सूर परत ऐकू आला. यंत्र गप्पच होतं. खुर्चीत बसलेली आक्का गात होती. आवाज बारीक होता, कडेला थोडा फाटका, पण सूर जिथे तुटला होता तिथूनच तिने उचलला होता. तिला थांबायला हवं होतं तिथे ती थांबली नाही, तशीच थोडी पुढे गेली, एकटीच, आणि तीन सेकंदं भरली तशी दचकून थांबली.

दुरुस्तीवाल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ही मी," आक्का म्हणाली. "सगळ्या थांबल्या, मला कळलंच नाही. मास्तर म्हणाले, राहू दे, बरं वाटतंय."

"आणि तिसरं कडवं?"

"ती मी नव्हे रे बाळ्या. माझा त्या दिवशी गळाच लागेना. दोनदा केलं, दोन्ही वेळा अडखळले. मग मास्तरांनी माझ्या शेजारच्या मुलीला म्हणायला लावलं. जाताना मला दोन संत्री दिली, रडू नको म्हणून."

"पण तू घरी तर सांगितलं होतंस..."

"आधीच सांगून बसले होते ना. गल्लीत सांगितलं होतं. रविवारी दहाला सगळे ऐकायला येणार होते." आक्काने पदराने नाकाचा शेंडा पुसला. वय सत्तर, पण डोळे त्या क्षणी बाराचे झाले होते. "मला शुक्रवारी रात्रभर झोप नाही."

परिशिष्टरावांनी चौतीस वर्षं फायलींतल्या तारखा एकमेकींपुढे ठेवून माणसं पकडली होती. शुक्रवार, शनिवार, रविवार. त्यांनी आक्का बसली होती त्या खुर्चीकडे पाहिलं, मग उशीकडे.

"आक्का, त्या दिवशी रेकॉर्ड उशीखाली कोणी ठेवली होती?"

"चहा टाक गं," आक्का त्यांच्या बायकोला म्हणाली. "आणि साखर कमी."

वकील खोकले. असा सरळ प्रश्न त्यांना उमेदीच्या काळात एकदा जरी सुचला असता, तर दोनचार दावे तरी जिंकले असते.

"अठ्ठावन्न वर्षं," परिशिष्टराव म्हणाले. "एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"दर वर्षी ठरवायचे. पण तू दर वर्षी काहीतरी घेऊन यायचास, इतकं तोंड पाडून. घड्याळ आणलंस त्या वर्षी तर अगदी ओठांवर आलं होतं. पण घड्याळ चांगलं होतं रे."

आधी बायको हसली. मग दुरुस्तीवाला. परिशिष्टरावांनी तोंड गंभीर ठेवायचा प्रयत्न केला, प्रतिष्ठेचा प्रश्न होता. तो त्यांना चहा येईपर्यंत जमला.

"आणि या वर्षीचं काय आणलंयस?" आक्काने कप खाली ठेवत विचारलं.

खरं तर या वर्षी गाणंच द्यायचं होतं. पण सुरक्षित असावं म्हणून कपाटात एक लोकरी शाल आणून ठेवली होती. त्यांनी ती काढून आक्काच्या खांद्यांवर टाकली.

आता शेवटची बेरीज. कंपनीने आक्काला दिली दोन संत्री, आणि त्यावर तिचा हिशेब कायमचा बंद केला. कुलूप काढणाऱ्याला कोणी काही दिलं नाही, म्हणून त्याने तीन सेकंदं ठेवून घेतली. त्या तीन सेकंदांत नेमकी आक्का होती, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. शेजारच्या मुलीला काय मिळालं कोणाला ठाऊक नाही, पण तिची अकरा सेकंदं एका माणसाने चार वर्षं आपल्या बहिणीची म्हणून जपली, हे तिला कोणीतरी कळवायला हवं. परिशिष्टरावांनी भरलं ते असं: सत्तावीस गाण्यांचे पैसे, ज्यातली सव्वीस त्यांनी कधी ऐकली नाहीत; नव्या पाटीचे पैसे; एक ठराव; थोडी प्रतिष्ठा; आणि न केलेल्या गुन्ह्यापोटी, शाल धरून, अठ्ठावन्न भेटी.

आक्काने शालीचं टोक बोटांत धरून वीण पाहिली, आणि पुढच्या वर्षी गुडघ्यांसाठी काहीतरी गरम आण म्हणाली. परिशिष्टरावांनी ते डायरीत लिहून घेतलं.